वकिली करताना माणुसकी कशी सांभाळायची: पहिल्या मीटिंगपासून फाईल बंद होईपर्यंत

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, नवरा वारलेला, विम्याच्या पैशांवरून केस. तीन महिने मी त्यांना कलमं, कागद, पुरावा असं सगळं समजावत होतो आणि त्या नुसती मान हलवत होत्या. साक्षीच्या आदल्या दिवशी निघताना दारापाशी थांबल्या आणि हळूच विचारलं, "उद्या मी उभं कुठं राहायचं? आणि साहेबांनी काही विचारलं तर बसून बोलायचं की उठून?" तेव्हा कळलं की तीन महिने ह्या बाईंच्या पोटात गोळा होता तो ह्याच गोष्टीचा, आणि हा प्रश्न विचारायला मी त्यांना कधी जागाच दिली नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली माझी. कोर्टाच्या कामात माणूस हरण्यापेक्षाही जास्त खचतो तो काही न कळण्यानं. पुढे काय होणार, कधी होणार, कोण काय विचारणार, वकिलाचा फोन का आला नाही, हे सगळं अंधारात असतं. त्यामुळे वकिलाची दया-करुणा वगैरे म्हणतात ना, ती सगळ्यात आधी माणसाला अंधारात न ठेवण्यात दिसते. हे स्वभावावर सोडायचं काम नाही, ह्याच्या सवयी लावून घेता येतात, आणि कुठल्या टप्प्यावर कुठली सवय ते मी खाली जमेल तसं लिहितोय.

एक शंका आधीच मिटवतो कारण ज्युनिअर मंडळी हमखास विचारतात, की सर असं मऊ वागलं तर केस हरणार नाही का. मऊ वागा असं मी म्हणतच नाहीये. पक्षकाराची बाजू ताकदीनं मांडणं, त्याचं गुपित सांभाळणं, त्याच्या हक्कातला एक इंचही त्याला न विचारता न सोडणं, हे तर करायचंच. फक्त हे करताना कुणाला विनाकारण चिरडायचं नाही, एवढंच.

पहिली मीटिंग

ह्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण पुढचं निम्मं काम इथेच होतं किंवा इथेच बिघडतं.

माणूस समोर येऊन बसला की फोन सायलेंट करून पालथा ठेवा, लॅपटॉप बंद, पेन खाली. पहिली दहा मिनिटं त्याला मधे न तोडता बोलू द्या. हे ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, दुसऱ्याच मिनिटाला आपल्या तोंडात "तारीख काय होती?" येतं कारण आपलं डोकं लगेच फाईल लावायला लागतं. थांबा. तारखा नंतर मिळतात. त्या दहा मिनिटांत माणूस स्वतःहून काय आधी सांगतो आणि कशापाशी अडखळतो, ते नंतर शंभर प्रश्न विचारूनही मिळत नाही.

ज्याच्यावर मारहाण, अत्याचार, मोठा अपघात असं काही ओढवलंय त्याची गोष्ट सरळ ओळीत येत नाही. आधीचं नंतर, नंतरचं आधी, मधेच एखादा वास किंवा आवाज अगदी स्पष्ट आणि वेळ मात्र आठवतच नाही. मोठ्या धक्क्यातून गेलेल्या माणसाच्या आठवणी अशाच तुटक राहतात, त्याचा अर्थ तो खोटं बोलतोय असा होत नाही. अशा माणसाला "नीट क्रमानं सांगा हो" म्हणू नका. त्याला येईल तसं सांगू द्या, क्रम आपण नंतर कागदावर लावायचा आणि परत वाचून दाखवून विचारायचं, असंच झालं ना, काही चुकलंय का.

सोबत नातेवाईक आला असेल आणि तोच सगळं बोलत असेल तर थोडा वेळ त्याला बाहेर बसवा. "ही आमची पद्धत आहे, प्रत्येकाशी एकदा एकट्यानं बोलतो" असं सांगितलं की कुणाला राग येत नाही. कधी कधी घाबरण्याचं कारणच तो नातेवाईक असतो, आणि ते कळतं फक्त दार बंद झाल्यावर.

मग तीन प्रश्न विचारा, आणि उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या:
- ह्या सगळ्यात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?
- सगळं तुमच्या मनासारखं झालं तर शेवटी तुमच्या हातात काय असायला हवं?
- तुम्हाला फोन कधी केलेला चालेल, आणि मेसेज घरात आणखी कोण वाचतं?

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकून मी कित्येकदा गप्प झालोय. जमिनीच्या वाटणीसाठी आलेला माणूस म्हणतो, आईचे दागिने त्यांनी ठेवले तरी चालेल पण आईच्या आजारपणात मी काही केलं नाही असं जे सगळीकडे सांगत फिरतात ते थांबवा. आता हे कुठल्या अर्जाच्या मागणीत लिहिणार? पण हे माहीत नसेल तर आपण दोन वर्षं भलत्याच गोष्टीसाठी भांडत राहतो. तिसरा प्रश्न साधा दिसतो पण घरातल्या छळाच्या केसमध्ये चुकीच्या वेळी गेलेला एक मेसेज माणसाला मार खायला लावू शकतो, म्हणून तो कधीच गाळू नका.

रडू आलं तर रडू द्या. पाणी पुढे करा आणि गप्प बसा. "रडू नका, होईल सगळं ठीक" हे वाक्य आपण स्वतःचं अवघडलेपण घालवायला म्हणतो, समोरच्याला त्याचा काही उपयोग नसतो.

निघताना एका कागदावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहून द्या: पुढची पायरी कुठली, ती साधारण कधी, तुम्ही काय आणायचं, मी काय करणार. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात ऐकलेलं राहत नाही, कागद राहतो.

खरं सांगायचं, पण कसं

खोटी आशा देणं हा मला सगळ्यात मोठा निर्दयपणा वाटतो, कारण तो गोड चेहऱ्यानं केला जातो. "काळजी करू नका, आपलीच केस आहे" ऐकून माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो, उधारी करतो, मुलीच्या लग्नाचं ठरवतो, आणि निकाल उलटा लागला की दोनदा मोडतो.

मी आता असं करतो की आधी त्याच्या बाजूनं काय काय आहे ते सांगतो, मग आपल्या विरुद्ध काय जाऊ शकतं ते सांगतो, आणि मग विचारतो, "आत्ता मी जे बोललो त्यातलं तुम्हाला काय समजलं ते मला सांगाल?" हा प्रश्न परीक्षा घेतल्यासारखा विचारायचा नाही, "मी कधी कधी फार वकिली भाषेत बोलतो, म्हणून विचारतो" असं म्हणून विचारायचा. उत्तर ऐकून कळतं की निम्मं पोचलेलंच नाही. मग परत, साध्या शब्दात. "अंतरिम आदेश" म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता हुकूम, "तहकूब" म्हणजे आज काम होणार नाही आणि पुढची तारीख मिळणार, एवढं सांगायला काही वेळ लागत नाही.

आणि केस मुळातच कमजोर असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या खूप आधी अब्राहम लिंकन वकिली करायचे, त्या काळात त्यांनी वकिलांसाठी काढलेली काही टिपणं आहेत, त्यात त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय की होता होईल तो लोकांना कज्जे करण्यापासून परावृत्त करा, तडजोडीला वळवा, कारण कागदावर जिंकणारासुद्धा बऱ्याचदा फी, खर्च आणि वेळ ह्यांत खरा तोटाच करून घेतो. गंमत म्हणून नाही सांगत, त्यांची स्वतःची प्रॅक्टिस चांगली जोरात चालायची.

मधल्या दिवसांत अंधार नको

आठवड्यातला एक तास ठरवून टाका, माझा शुक्रवार दुपारचा असतो, आणि त्या तासात चालू असलेल्या प्रत्येक केसच्या माणसाला एक ओळ पाठवा. काही घडलं नसेल तरीसुद्धा. "ह्या आठवड्यात काही हालचाल नाही, पुढची तारीख अमुक, तुम्हाला सध्या काही करायचं नाही" एवढं पुरतं. हे सुरू केल्यावर दिवसाचे फोन निम्म्यावर आले माझे, कारण लोक फोन करतात ते बहुतेक वेळा आपण विसरलो तर नाही ना हे बघायला.

तारखेच्या आधी, विशेषतः पहिल्यांदाच कोर्टात येणाऱ्या माणसाला, कोर्टाची खोली एकदा रिकामी असताना दाखवून आणा. इथे न्यायाधीश बसतात, इथे समोरचा वकील, इथे तुम्ही उभं राहायचं, पाणी इथे मिळतं, स्वच्छतागृह ह्या बाजूला, समोरची मंडळी बहुधा ह्या बाकावर असतील म्हणून आपण त्या बाकावर बसू. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्या विम्याच्या केसमधल्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर बोलावून हेच केलं होतं, आणि साक्ष देताना त्यांचा आवाज अजिबात कापला नाही.

ह्याला नुसता माझा अनुभव समजू नका. टॉम टायलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं ह्याच गोष्टीचा अभ्यास केला की लोक कोर्टाचा, पोलिसांचा निर्णय मनापासून कधी स्वीकारतात. त्यातून निघालं ते असं की निकाल आपल्या बाजूनं लागला का ह्याच्या इतकंच, बऱ्याचदा त्याहून जास्त, महत्त्व ह्याला असतं की आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, आपल्याशी आदरानं वागले का, निर्णय देणारा निःपक्षपाती वाटला का आणि त्याचा हेतू चांगला वाटला का. आणि १९८७ पासून डेव्हिड वेक्सलर आणि ब्रूस विनिक ह्या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी तर एक सगळी विचारसरणीच उभी केली, की कायदा आणि कोर्टाची प्रक्रिया ह्यांचा माणसाच्या मनावर औषधासारखा किंवा विषासारखा परिणाम होतच असतो, तेव्हा तो कोणता होतोय ते बघून काम करा.

नोटीस लिहिताना

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय ह्या पायरीचं महत्त्व कळणार नाही.

दोन भाऊ, दुकानाच्या भागीदारीवरून बिनसलं होतं पण बोलणं चालू होतं. धाकटा माझ्याकडे आला, रागात होता, मी त्याच्या रागाच्या भरात नोटीस लिहिली. त्यात एक वाक्य होतं की "आपण आमच्या अशिलाच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन, लबाडीने व अप्रामाणिक हेतूने" वगैरे वगैरे. असली वाक्यं आपण रोज लिहितो, बोटं आपोआप टाईप करतात. चार वर्षांनी मध्यस्थासमोर तडजोड जवळजवळ ठरत आली आणि थोरल्या भावानं खिशातून तीच नोटीस काढली. घड्यांवर झिजून फाटायला आली होती, पारदर्शक टेप लावलेली, आणि "लबाडीने" ह्या शब्दाखाली निळ्या पेनची रेघ. तो आकड्यांबद्दल काही बोललाच नाही, म्हणाला आधी हा शब्द मागे घ्यायला सांगा. तो शब्द त्याच्या भावाचा नव्हताच, माझा होता. मी तिथेच सांगितलं की हा शब्द मी लिहिला, तुमच्या भावानं तो मला सांगितला नव्हता, आणि मला त्याचं वाईट वाटतं. मग पुढची बोलणी झाली. पण चार वर्षं गेली ती गेली.

तेव्हापासून नोटीस लिहायची पद्धत बदलली. ड्राफ्ट झाला की एक रात्र ठेवतो, मुदतीचा प्रश्न असेल तर निदान दोन तास. मग तो मोठ्यानं वाचतो, आणि वाचताना असं धरतो की हे पाकीट माझ्या घरी आलंय आणि माझ्या म्हाताऱ्या वडलांनी ते उघडलंय. मग सगळी विशेषणं शोधून काढतो. लबाडीने, निर्लज्जपणे, हेतुपुरस्सर, कपटाने. त्यातलं जे कायद्यानं सिद्ध करण्यासाठी लिहिणं भागच आहे तेवढंच ठेवतो, बाकी सगळं उडवतो. घडलेली गोष्ट, तारीख आणि रक्कम हे तिन्ही असलं की नोटिशीत पुरेसं वजन असतं.

फरक बघा. आधी मी लिहायचो: "आपण जाणूनबुजून व दुष्ट हेतूने रक्कम थकवली असून सात दिवसांत न भरल्यास आपल्यावर कठोर कारवाई करण्यात येईल व त्याच्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल." आता लिहितो: "अमुक तारखेच्या करारानुसार ही रक्कम अमुक तारखेला देय होती, ती अद्याप मिळालेली नाही. ती पंधरा दिवसांत द्यावी. काही अडचण असेल किंवा हप्त्यांबद्दल बोलायचं असेल तर ह्या मुदतीत मला कळवावे. उत्तर न आल्यास आमच्या अशिलाला कोर्टात जाण्यावाचून पर्याय राहणार नाही." मागणी तीच, मुदत आहे, इशाराही आहे. पण त्यात बोलायला एक दार उघडं ठेवलंय, आणि पुढे कोर्टात वाचून दाखवायची वेळ आली तरी आपली बाजू समंजस दिसते.

आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नोटीस पोचेल असं मुद्दाम जमवू नका. समोरचा माणूस दोन दिवस कुणाला विचारूही शकत नाही, नुसता तळमळतो. ह्यातून आपल्या पक्षकाराला काहीही मिळत नाही.

समोरचा वकील

थोडक्यात सांगतो. केस हातात घेतली की समोरच्या वकिलाला एक फोन करा, नाव सांगा, नंबर द्या. त्याच्या घरी आजारपण असेल, कुणी गेलं असेल आणि तो तारीख पुढे मागत असेल, तर आपल्या पक्षकाराचं नुकसान होत नसेल तोवर हो म्हणा, आणि आपल्या पक्षकाराला त्याचं कारण आधी समजावून सांगा, नाहीतर त्याला वाटतं दोघं वकील मिळालेले आहेत. पक्षकाराचा राग आपण अंगावर घेऊन फिरायचं नाही. त्यांचं भांडण खरं असतं, आपलं नसतं.

उलटतपासणी

इथे बऱ्याच चांगल्या वकिलांचाही तोल जातो. साक्षीदाराला घाम फोडला की आपण जिंकलो असं वाटतं, मागे बसलेला पक्षकारही खूश होतो.

पण नियम काय सांगतात बघा. अमेरिकन बार असोसिएशन ह्या तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या नमुना नियमांत ४.४ क्रमांकाचा नियम आहे, की ज्याचा दुसऱ्या माणसाला ओशाळवाणं करण्यापलीकडे, त्रास देण्यापलीकडे किंवा उशीर करण्यापलीकडे काही खरा उपयोग नाही असा मार्ग वकिलानं वापरायचा नाही. भारतातल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५२ होतं, आणि तीच तरतूद २०२३ च्या नव्या कायद्यातही ठेवली आहे. त्यात असं की अपमान करायला किंवा सतावायला विचारलेला प्रश्न कोर्टानं थांबवायचा, आणि प्रश्न स्वतःत योग्य असला पण विचारण्याची पद्धत विनाकारण दुखावणारी असली तरीसुद्धा थांबवायचा. हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो, दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेला आहे तो.

म्हणजे काय विचारायचं आणि कसं विचारायचं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा साक्षीदार म्हणतो की त्यानं गाडी तीस फुटांवरून पाहिली आणि आपल्याला दाखवायचंय की अंधार होता. "तुम्ही सरळसरळ खोटं बोलताय ना?" असं विचारलं तर तो चिडतो, घट्ट होतो, "नाही" म्हणतो आणि आपल्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी: तेव्हा किती वाजले होते, सूर्य मावळला होता का, रस्त्यावरचा दिवा चालू होता का, चष्मा लावला होता का, मधे झाड होतं ना. शेवटचं उत्तर आलं की बसा खाली. त्याला खोटारडा म्हणायची गरजच पडली नाही, चूक झाली असू शकते एवढं कोर्टाला दिसलं, आणि तो माणूस मान ताठ ठेवून घरी गेला.

तयारी करताना प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीनं लिहा, ह्यातून कुठला मुद्दा सिद्ध होतो. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो प्रश्न खोडा. खाजगी आयुष्यातले, जुन्या आजारातले, घटस्फोटातले निम्मे प्रश्न इथेच गळतात. लहान मूल किंवा अत्याचार झालेली व्यक्ती साक्षीला असेल तर आवाज खाली, प्रश्न छोटे, एका प्रश्नात एकच गोष्ट, अंतर राखून उभं राहायचं, आणि माणूस थरथरायला लागला तर आपणच उठून म्हणायचं, साहेब, पाच मिनिटं थांबू या का. आपण समोरच्या बाजूचे वकील असतानासुद्धा. मी हे केलंय आणि त्यामुळे माझ्या पक्षकाराचं तसूभरही नुकसान झालेलं नाही.

भांडण मिटवायची वेळ

१९७४ साली कॅनडात ऑन्टारियो प्रांतातल्या एल्मायरा नावाच्या गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. शिक्षा ठरवायच्या आधी मार्क यान्त्झी नावाच्या प्रोबेशन अधिकाऱ्यानं (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) न्यायाधीशांपुढे एक कल्पना मांडली की ह्या पोरांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात नेऊन उभं करू या. न्यायाधीशांनी मान्य केलं. पोरं घरोघर गेली, लोकांचं ऐकून घेतलं, आणि पुढे भरपाई दिली. आज जगभर गुन्ह्यानं दुखावलेला माणूस आणि गुन्हा करणारा ह्यांची समोरासमोर भेट घडवतात त्याची आधुनिक सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. मग १९९० मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसचे स्टू वेब नावाचे कौटुंबिक वकील कोर्टातल्या घटस्फोटांना इतके कंटाळले की त्यांनी ठरवलं, मी फक्त बोलणी करून तोडगा काढायचं काम घेणार, आणि नाही जमलं तर मी बाजूला होणार, कोर्टात दुसरा वकील जाईल. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी असं ठरवलं की भांडण चिघळवण्यात कुणालाच काही रस उरत नाही.

हे सगळं करायला तुम्हाला मोठी व्यवस्था लागत नाही. प्रत्येक केसमध्ये दोनदा, दावा दाखल करायच्या आधी एकदा आणि पुरावा सुरू व्हायच्या आधी एकदा, पक्षकाराला विचारा की मिटवायचं झालं तर कशावर मिटेल. आणि माफीची किंमत कमी समजू नका. आमची चूक झाली, आम्हाला वाईट वाटतं, एवढं ऐकायला लोक वर्षानुवर्षं लढतात. वकील मात्र माफी मागू देत नाहीत कारण ती कबुली धरली जाईल ही भीती, आणि ती भीती खोटी नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९८६ मध्ये अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती कबुली म्हणून वापरता येणार नाही असा कायदा केला, आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं २००६ मध्ये तर चूक मान्य करणाऱ्या माफीलाही संरक्षण दिलं. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते आधी बघा, आणि संरक्षण नसेल तर मध्यस्थीच्या गोपनीय बैठकीत माफीला जागा करता येते का ते बघा.

एक मात्र कळकळीनं सांगतो. जिथे एक माणूस दुसऱ्याला घाबरतोय, घरात मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे "मिटवून टाका" हा सल्ला माणुसकीचा नाही. तिथे आधी सुरक्षितता, संरक्षणाचा आदेश, राहायची जागा. समोरासमोर बसवणं हे अशा वेळी क्रूर ठरू शकतं.

निकालाचा दिवस

हरलो तर स्वतः सांगा. ज्युनिअरला फोन करायला लावू नका, मेसेज तर नकोच. पहिलं वाक्य सरळ असू द्या, "निकाल आपल्या विरुद्ध लागलाय." मग गप्प. लगेच अपिलाचं सुरू करू नका, त्या माणसाला अजून पहिलंच वाक्य ऐकू येत असतं. अपिलाची मुदत कागदावर लिहून द्या आणि दोन-तीन दिवसांनी परत बोलवा. दुसऱ्या भेटीत आपली काही चूक झाली असेल तर तीही सांगा.

जिंकलो त्या दिवशी काय करायचं हे मी गांधीजींच्या एका केसमधून शिकलो. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला ह्यांच्या दाव्याच्या कामाला. दावा ४०,००० पौंडांचा, समोर त्यांचेच नातलग तय्यब शेठ. गांधीजींनी दोघांना लवादाकडे जायला तयार केलं आणि दादा अब्दुल्ला जिंकले, ३७,००० पौंड आणि खर्च. पण एकरकमी द्यायचे म्हटले तर तय्यब शेठचं दिवाळं निघणार होतं. इथे बहुतेक वकील फाईल बंद करतात. गांधीजी मात्र आपल्याच, जिंकलेल्या पक्षकाराकडे गेले आणि लांब मुदतीचे हप्ते द्यायला त्यांना राजी केलं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की लवादाला तयार करण्यापेक्षा हे हप्त्यांचं पटवणं जास्त अवघड गेलं. म्हणून वसुली, ताबा, जप्ती ह्यांच्या आधी जिंकलेल्या पक्षकाराशी एकदा बसा आणि विचारा, पैसे हवेत की समोरचा रस्त्यावर आलेला हवा. ठरवणार तोच, पण विचारायचं आपण.

फीबद्दल

पहिल्याच दिवशी, लेखी, टप्प्याटप्प्यानं. कशात काय येतं, कशात येत नाही, वरखर्च कुठला. मधेच वाढवून मागितलेली फी माणसाला फसवल्यासारखी वाटते. परवडत नसेल तर ओशाळवाणं न करता सांगा की मोफत कायदेशीर मदत कुठे मिळते, आणि वर्षाला चार-पाच केस विनाफी करायच्या असतील तर त्या फाईलवर तसं कुठेही लिहू नका, म्हणजे ऑफिसातलं कुणी त्या माणसाला नंतरच्या रांगेत बसवणार नाही.

आपली माणसं आणि आपण

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या १२,८२५ नोकरी-व्यवसायात असलेल्या वकिलांच्या पाहणीचे निष्कर्ष छापून आले, त्यात २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती आणि २०.६ टक्क्यांचं दारू पिणं घातक पातळीवरचं होतं. हे आकडे वाचून मला धक्का बसला नाही, वाईट वाटलं. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून ते अंगात मुरतं, झोपेत त्याच फाईली येतात, आणि मग एक दिवस रडणाऱ्या माणसाकडे बघून आपल्याला काहीच वाटत नाही. तसं व्हायला लागलं की समजायचं आपण थकलोय.

ज्युनिअरला कोर्टात, लोकांसमोर झापू नका. चूक खोलीत सांगा, बाहेर पाठीशी उभे राहा. अत्याचाराच्या केसचे फोटो, जबान्या त्याला एकट्याला रात्री वाचायला देऊ नका, वाचून झाल्यावर दहा मिनिटं बोला, काय वाटलं ते विचारा. स्वतःसाठी असं की अवघड मीटिंगनंतर लगेच दुसरी लावू नका, मधे पंधरा मिनिटं सोडा, आणि जड वाटायला लागलं तर समुपदेशकाकडे जा. आपण लोकांना सांगतो ना, उशीर करू नका म्हणून.

फाईल बंद करताना

मूळ कागद यादी करून परत द्या, पोच घ्या. निकालाची प्रत आणि सोबत अर्ध्या पानाचं साध्या भाषेतलं पत्र, की काय ठरलं, तुम्हाला आता काय करायचंय, कुठली तारीख विसरायची नाही, कुठला कागद किती वर्षं जपून ठेवायचा.

आणि एक प्रश्न विचारा, "ह्या सगळ्यात तुम्हाला सगळ्यात एकटं कधी वाटलं?" मी गेली काही वर्षं विचारतोय. साक्षीचा दिवस असं फार कमी जण म्हणतात. एक जण म्हणाला, तुम्ही मे महिन्यात सुट्टीवर गेलात आणि मला माहीत नव्हतं. एक बाई म्हणाल्या, निकाल राखून ठेवला होता त्या सात आठवड्यांत. उत्तर आलं की ते एका वहीत लिहून ठेवतो, आणि पुढच्या केसमध्ये तो दिवस आधीच कॅलेंडरला टाकतो, फोन करायला.